ते पाकीट आधी उघड

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास की ओहायोचं एक टिकिट, म्हणजे ट्रॅफिकच्या दंडाची नोटीस, ट्रकच्या खणात पडलंय, आणि मागच्या वर्षी टेनेसीत स्वतःच्या कारमधे मिळालेल्या टिकिटाचं काय झालं ते आठवतच नाही. वर म्हणालास, काका, दुसऱ्या राज्याचं आहे ते, आपलं लायसन इंडियानाचं, इंडियानाला काय कळणारे. मी तेव्हा गाडी चालवत होतो म्हणून जास्त बोललो नाही, पण रात्री स्लीपरमधे, ट्रकमधल्या झोपायच्या जागेत, पडल्यावर तेच डोक्यात फिरत राहिलं, म्हणून आज बसून सगळं लिहितोय.

इंडियानाला कळतं रे. कमर्शिअल लायसनवाल्याचं तर हमखास कळतं. फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचा, नियमच असा आहे की सीडीएलवाल्याला, म्हणजे कमर्शिअल लायसनवाल्याला, कुठल्याही राज्यात ट्रॅफिकच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं की त्या राज्याने १० दिवसांत त्याच्या होम स्टेटला, म्हणजे लायसन देणाऱ्या राज्याला, कळवायचं, मग तो तेव्हा ट्रकमधे असो की स्वतःच्या कारमधे. आणि न भरलेल्या टिकिटाचा रस्ता वेगळा. १९७७ पासून राज्याराज्यांत एक करार आहे, नॉन रेसिडेंट व्हायोलेटर कॉम्पॅक्ट, त्यात ४४ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी आहे. तू बाहेरच्या राज्यातल्या टिकिटाला उत्तरच दिलं नाहीस तर ते राज्य इंडियानाला कळवतं आणि इंडियाना तुझं लायसन सस्पेंड करतं, टिकिट निकाली निघेपर्यंत. ओहायो, टेनेसी, इंडियाना तिन्ही त्यात आहेत. कॅलिफोर्निया, मिशिगन वगैरे सहा राज्यं नाहीत, म्हणून ट्रक स्टॉपवर कुणीतरी छातीठोकपणे सांगतो की तिथलं टिकिट फेकून दिलं तरी चालतं. त्याचं ऐकू नकोस. कोर्ट वॉरंट काढू शकतं, आणि लायसन रिन्यू करायला गेलास की सगळ्या देशाचं रजिस्टर बघतात, तिथे जुनं प्रकरण निघालं तर खिडकीवरूनच परत पाठवतात.

माझं सांगतो. २०१३ सालची गोष्ट. इलिनॉयमधे लेन बदलण्यावरून एक टिकिट मिळालं होतं, ट्रकमधेच, दंड फार नव्हता. मी म्हटलं पुढच्या पगारात भरू. मधे अपार्टमेंट बदललं, लायसनवरचा पत्ता बदलायचा राहिला, आणि कोर्टाची पत्रं, मग बीएमव्हीचं, म्हणजे इंडियानाच्या लायसन ऑफिसचं, पत्र, सगळी जुन्या दारात जाऊन पडत राहिली. मला काही पत्ताच नाही. चार-पाच महिन्यांनी नेब्रास्कात आय-८० हायवेवर चाललोय, मागे फ्रोझन चिकनचा लोड, आणि कंपनीच्या सेफ्टीवाल्या बाईंचा फोन. पुढचा एक्झिट घे, गाडी उभी कर आणि परत स्टिअरिंगला हात लावू नकोस, तुझं लायसन सस्पेंड दाखवतंय. मी ट्रक स्टॉपच्या मागच्या ओळीत गाडी लावली. रीफरचं, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या ट्रेलरचं, इंजिन मागे घरघरत होतं आणि मी किल्ली हातात घेऊन नुसता बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीचा दुसरा ड्रायव्हर आला, त्याच्या हातात किल्ली दिली, माझी बॅग आणि चादर उतरवली आणि बसने घरी आलो. २३ दिवस बिनपगारी. दंडाच्या कितीतरी पट पैसे गेले, पण त्याहून मोठी गोष्ट मला नंतर वकिलाने सांगितली, की त्या दिवशी पोलिसाने वजनकाट्यावर अडवलं असतं तर काय झालं असतं.

ती नीट समजून घे. ट्रक चालवताना केलेल्या गुन्ह्यापायी सीडीएल सस्पेंड झालेलं असताना परत ट्रक चालवलास आणि त्यात दोषी ठरलास, तर फेडरल नियमाने १ वर्ष ट्रक बंद. हा गुन्हा दारू पिऊन चालवण्याच्याच यादीत आहे. असा दुसरा गुन्हा झाला तर आयुष्यभरासाठी. ‘मला माहीत नव्हतं’ हे कारण तिथे मोठा आधार नाही, पत्र तुझ्या लायसनवरच्या पत्त्यावर गेलं होतं एवढंच ते बघतात. म्हणून पत्ता आधी बदल. तू गेल्या दीड वर्षात तीन रूम बदलल्यास.

आता तू म्हणशील ठीक आहे, आजच ऑनलाइन कार्ड घासतो आणि मोकळा होतो. थांब. पैसे भरले म्हणजे गुन्हा कबूल केला, रेकॉर्डवर ते कन्व्हिक्शन, म्हणजे दोषी ठरल्याची नोंद, म्हणून जातं. ओहायोचं तुझं टिकिट वर्क झोनमधलं, रस्त्याचं काम चालू असलेल्या जागेतलं आहे, लिमिट ताशी ५५ मैल आणि तू ७१ वर. म्हणजे १६ जास्त. १५ किंवा त्याहून जास्त असलं की ते सीरिअस व्हायोलेशन. तीन वर्षांत असे दोन झाले की ६० दिवस घरी, तीन झाले की १२० दिवस. हातात फोन धरणं, पुढच्या गाडीला चिकटून चालवणं, चुकीच्या पद्धतीने लेन बदलणं हेही त्याच यादीत. कारवाल्याला ट्रॅफिक स्कूल करून टिकिट झाकता येतं, सीडीएलवाल्याला ती सोय नाही, टिकिट कारमधलं असलं तरी. त्यामुळे त्याच काउंटीतला, ट्रकवाल्यांच्या केसेस करणारा वकील बघ. पुरावा बघून सरकारी वकील चार्ज कमी करायला तयार झाला आणि ते १४ वर आलं, तरी सीरिअसमधून सुटशील. वकिलाची फी जड वाटेल, पण २३ दिवसांचा हिशोब मी तुला वर सांगितलाय.

टिकिटावर खाली कोर्टात हजर व्हायची तारीख असते, ती आज बघ. पुढची असेल तर हातात वेळ आहे. उलटून गेली असेल तर काउंटी क्लर्कला फोन लाव, टिकिटाचा नंबर सांग आणि एवढंच विचार की केसची स्थिती काय आहे, हजर न झाल्याची नोंद झालीये का, इंडियानाला कळवलंय का. टेनेसीचंही तसंच. तिथले क्लर्क बहुतेक नीट बोलतात, फक्त घाई करू नकोस, सगळं लिहून घे, बोलणाऱ्याचं नावसुद्धा.

आणि सस्पेंड झालेलं निघालंच तर टिकिट निकाली काढल्या क्षणी लायसन चालू होत नाही, ही चूक फार जण करतात. कोर्टाने क्लिअरन्स पाठवायचा, इंडियानाने तो नोंदवायचा, रीइन्स्टेटमेंट फी, म्हणजे लायसन परत चालू करायची फी, असेल तर ती भरायची, मग बीएमव्हीच्या रेकॉर्डवर व्हॅलिड दिसतं. तो कागद छापून हातात येईपर्यंत ट्रक हलवायचा नाही, डिस्पॅचर, म्हणजे लोड देणारा कंपनीचा माणूस, कितीही गोड बोलला तरी. सस्पेंड ड्रायव्हरला गाडीवर पाठवणं कंपनीलाही बेकायदाच आहे.

कंपनीपासून लपवू नकोस. सस्पेन्शनची नोटीस मिळाली तर लगेच पुढच्या कामाच्या दिवसाच्या अखेरीपर्यंत मालकाला सांगायचं, आणि पार्किंग सोडून कुठलंही कन्व्हिक्शन झालं, कारमधलंसुद्धा, तर ३० दिवसांत लेखी. वर्षाअखेरीला आपण टिकिटांची यादी लिहून द्यायचो तो फॉर्म २०२२ मधे बंद झाला, पण कंपनी दर वर्षी तुझं रेकॉर्ड काढतेच. तुझ्या तोंडून आधी कळलेलं बरं. माझी नोकरी तेव्हा वाचली ती त्या सेफ्टीवाल्या बाईंपुढे मी सगळी कागदपत्रं स्वतः नेऊन ठेवली म्हणून.

तुझ्या आईला यातलं काही सांगितलं नाहीये. तिने दागिने मोडून तुझ्या ट्रेनिंगचे पैसे पाठवले ते मला माहीत आहे.

मंगळवारी माझा रीसेट, म्हणजे नियमाची लांब विश्रांती, आहे, मी दिवसभर ट्रक स्टॉपवरच असेन. त्याआधी दोन्ही टिकिटांचे फोटो पाठव, पुढून आणि मागून. जुन्या रूमवरच्या मुलांना विचार तुझ्या नावाची पाकिटं पडलीयेत का, असतील तर त्यांना उघडायला सांग आणि त्यांचेही फोटो मागव. बीएमव्हीचं रेकॉर्ड ऑनलाइन निघतं, ते आज रात्रीच काढ. त्यात व्हॅलिड दिसलं नाही तर उद्या सकाळचा लोड घेऊ नकोस आणि मला लगेच फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझा,
काका