‘भोगवटादार वर्ग 2’ : मालक की नुसता ताबेदार?

प्रश्न आला आहे तो असा : सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाशी ‘भोगवटादार वर्ग 2’ असं लिहिलं आहे, मग जमीन आमची नाही का?

तुमचीच आहे. भोगवटा म्हणजे उपभोगासह ताबा. शहरात ज्या ओसीसाठी फ्लॅटवाले बिल्डरच्या दारात खेटे घालतात, तिचंही कागदावरचं नाव ‘भोगवटा प्रमाणपत्र’च. शेतीच्या दप्तरात ही कल्पना रयतवारीतून आली. धनी सरकार, रयतेने सारा भरावा आणि जमीन कसून खावी, असा तो हिशोब. जुन्या उताऱ्यांवर ‘कब्जेदार’ असे. गावातल्या बड्या बागायतदाराचा सातबारा काढून पाहा, तोही भोगवटादारच निघेल.

खरी गोम त्या आकड्यात आहे. 1966 च्या जमीन महसूल संहितेने भोगवटादारांचे वर्ग पाडले. वर्ग 1 वाला जमीन मोकळेपणी विकू शकतो, वर्ग 2 वाल्याच्या हस्तांतरणावर बंधनं. गावात हिलाच ‘नवीन शर्तीची जमीन’ म्हणतात. आता ही कोणाच्या वाट्याला आली ते पाहा : 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानंतर (कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं तो दिवस) कूळकायद्याने मालक झालेली कुळं, सीलिंगमध्ये (कमाल जमीनधारणेच्या कायद्यात) जादा म्हणून निघालेली जमीन मिळालेले भूमिहीन, आणि 1958 च्या कायद्याने कनिष्ठ वतनं (गावच्या चाकरीबद्दल दिलेल्या जमिनी) गेल्यावर ज्यांना तीच जमीन पुन्हा देण्यात आली ते महार वतनदार. म्हणजे ज्यांच्याकडे जमीन उशिरा आली, त्यांच्याकडे ती अटीसकट आली.

अट घालणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. आज दिलेली जमीन उद्या सावकाराच्या घशात जाऊ नये, ही भीती खरीच होती. पण तिसऱ्या पिढीलाही विक्रीसाठी सरकारची परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम), आणि बांधापलीकडच्या शेजाऱ्याला यातलं काहीच नाही, हे मला पटत नाही. राखण करता करता कायदा पालकच होऊन बसला.

तुमच्यापुरतं सांगायचं तर ‘इतर अधिकार’ हा रकाना वाचा. तिथे ‘कूळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र’ अशी नोंद असेल तर 2014 च्या दुरुस्तीचा उपयोग होईल : कुळाने मालक होताना केलेल्या खरेदीला 10 वर्षं झाली असतील तर आकाराच्या (जमिनीच्या साऱ्याच्या) 40 पट नजराणा भरून परवानगीविना विकता येते, आणि आकार असतो किरकोळ. वतनाच्या किंवा सरकारने वाटलेल्या जमिनीचे नियम निराळे आहेत, त्यासाठी आधी जुना फेरफार (जमीन नावावर कशी आली त्याची नोंद) काढावा लागेल.