दुर्मिळ मराठी पुस्तक पुन्हा छापायचं आहे. भाषा आजच्या शुद्धलेखनात करून घ्यावी का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: आजोबांच्या कपाटातलं नव्वदेक वर्षांपूर्वीचं पुस्तक छापायला परवानगी कुणाची, खर्च किती, आणि जुनी भाषा ‘आजची’ करावी का. तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तो वाद माझ्या घरात अजून मिटलेला नाही. करू नका. एक अनुस्वारसुद्धा हलवू नका.

मी आणि माझा मावसभाऊ (वयाने मोठा, म्हणून दादा) अशा दोघांनी मिळून आजवर पाच जुनी पुस्तकं छापली. पहिलं होतं कोकणातल्या एका शाळामास्तरांच्या आठवणींचं. घरच्यांना शब्द दिलाय, म्हणून नाव लिहीत नाही. मुंबईहून आगबोटीने जैतापूरला जाण्याचं त्यातलं वर्णन इतकं बारकाईचं आहे, की तसं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. बोट खोल पाण्यात थांबायची, कडेला पडाव (किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्या होड्या) लागायचे, आणि लाटेचा अंदाज घेत पोरंबाळं, ट्रंका, कोंबड्या सगळं खाली उतरवायचं. आम्हाला मिळालेली एकुलती एक प्रत एका वाचनालयाने रद्दीत काढलेली होती. कोपरा दुमडला तर तुटून हातात यायचा.

दादाचं म्हणणं, एवढ्या अनुस्वारांना आजचा वाचक कंटाळतो, 1962च्या शुद्धलेखन-नियमांप्रमाणे सगळं करून घेऊ. पैसे त्याचे होते, मी गप्प बसलो. डीटीपीवाल्याने दोन दिवसांत सगळे अनुच्चारित (लिहायचे पण उच्चारायचे नाहीत असे) अनुस्वार उडवले. ‘पडाव’ हा शब्द त्याला माहीत नव्हता, म्हणून आठ ठिकाणी ‘पाडाव’ करून टाकला. तो मी प्रुफात पकडला. दुसरी चूक सुटली.

पहिली प्रत घेऊन मी मास्तरांच्या कन्येकडे गेलो. वय 91, आम्ही त्यांना आत्या म्हणायचो. भिंग घेऊन त्या वाचत होत्या. पान 93वर थांबल्या आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “अरे, आई कुठे आली होती?”

मूळ पुस्तकात होतं: ‘मुलांच्या डोळ्यांपुढें आई होती. तीं रडत रडत पडावांत उतरलीं.’ आमच्या पुस्तकात झालं: ‘मुलांच्या डोळ्यांपुढे आई होती. ती रडत रडत पडावात उतरली.’

‘तीं’ (टिंबामुळे अनेकवचन) म्हणजे मुलं. आत्या आणि त्यांचे दोन भाऊ. आई मुंबईत इस्पितळात होती आणि ती पुन्हा घरी आलीच नाही. “आम्ही तिघं उतरलो. मला तांडेलाने उचलून घेतलं होतं. बाबा असं लिहिणं शक्य नाही.” पुढच्या आठवड्यात मी जुनी प्रत नेऊन दाखवली. त्यांनी त्या टिंबावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून बसल्या.

300 प्रतींपैकी 120 तोवर गेल्या होत्या. उरलेल्या 180 प्रतींत मी हाताने शुद्धिपत्र चिकटवलं. गेलेल्या प्रती आजही कुणाकुणाच्या घरात तशाच आहेत.

दादा अजून म्हणतो, एका टिंबापायी एवढं काय, लोकांनी पुस्तक वाचलं ना? माझं त्याला आजही हेच उत्तर आहे: जो माणूस शोधून शोधून जुनं पुस्तक विकत घेतो, तो त्या काळची बोली ऐकायलाच आलेला असतो. त्याला सोपं करून देणारे आपण कोण? गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’चं (1857च्या बंडाच्या काळातल्या प्रवासाची हकीकत) बघा. चिं. वि. वैद्यांनी 1907 साली तो फेरफार करून छापला, आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली प्रसिद्ध केला. मधली 59 वर्षं वाचकांच्या हातात भटजींची खरी भाषा नव्हती.

परवानगीचं म्हणाल तर आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतो. 1960 साली गेलेल्या लेखकाचं लेखन 1 जानेवारी 2021पासून मोकळं. पण अनुवाद, प्रस्तावना आणि चित्रं यांचे हक्क ज्याचे त्याचे वेगळे, तेही तपासा. हक्क संपला असला तरी घरच्यांना आधी भेटाच. फोटो, पत्रं आणि असल्या चुका तिथेच सापडतात.

खर्चाचा आकडा देत नाही, कागदाचे भाव स्थिर नसतात. 500 प्रतींच्या खाली ऑफसेटच्या वाटेला जाऊ नका, डिजिटल छापा. फर्मे (घडी घातलेल्या पानांचे जुडगे) शिवून बांधणी करून घ्या, नुसत्या गोंदावरची पानं सुटतात. दुकानदार-वितरकांचं कमिशन 40-50 टक्क्यांवर जातं, म्हणून प्रकाशनपूर्व सवलतीत ओळखीपाळखीने जितक्या जातील तितक्या घालवा. त्या मास्तरांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती मी जुन्या लेखनात, 100 प्रतींची, माझ्या खर्चाने काढली. दादाने त्यात पैसे घातले नाहीत.

एक मान्य करतो. मुलांच्या गोष्टी किंवा पाककृती असतील, तर आजचं लेखन चालेल. आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं, विरामचिन्हं जवळजवळ नसलेलं पुस्तक असेल, तर वाक्यं तोडावी लागतात. मात्र काय बदललंय ते प्रस्तावनेत स्पष्ट लिहा.

मूळ प्रत डीटीपीवाल्याकडे ठेवू नका, स्कॅन द्या. पहिल्या दहा पानांचे फोटो इथे टाकलेत, तर कुठल्या अनुस्वाराने अर्थ फिरतो ते मी खुणा करून देतो.