मॅच की अर्ली डिसिजन: सही करायच्या आधी आकडा बघा

एडिसन, न्यू जर्सीहून एका वाचकांचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा: घरात चौघं, नवराबायको मिळून वर्षाला 61 हजार डॉलर, ग्रीन कार्ड आहे, मुलगी बारावीत जाणार, मार्क उत्तम आणि जीव सगळा युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियावर (म्हणजे पेनवर). शाळेची काउन्सेलर म्हणते क्वेस्टब्रिज भरा (कमी उत्पन्नाच्या हुशार मुलांची कॉलेजांशी ‘मॅच’ लावून पूर्ण खर्चाची शिष्यवृत्ती मिळवून देणारी संस्था), मित्र म्हणतात अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला बांधून घेणारा लवकरचा अर्ज टाका, चान्स वाढतो. पैसे कमी पडले तर 401-के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) मोडू का? आणि सिन्नरच्या वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर माझंही नाव लागलंय, ते कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या फॉर्मात लिहायचं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण तिथेच लोक घोळ घालतात. लिहायचं. पण फक्त तुमचा हिस्सा. तुम्ही म्हणता जमीन सगळी मिळून 80 लाखांची आणि वाटेकरी चार, म्हणजे तुमचे 20 लाख, ढोबळ 23 हजार डॉलर. मुलीच्या आईवडिलांच्या, म्हणजे तुमच्या मालमत्तेतून कॉलेजं साधारण 5 टक्के वर्षाला धरतात, म्हणजे फार तर 1,150 डॉलर. एवढ्यासाठी खोटं लिहून मुलीची सीट कशाला धोक्यात घालायची? वर एक पत्र जोडा की जमीन सामाईक आहे, भावांच्या सह्यांशिवाय विकता येत नाही. नाशिकच्या बँकेत एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातली) एफडी असेल तर तीही दाखवा, ती मात्र पूर्ण तुमची.

आता मुख्य मुद्दा. अर्ली डिसिजन, थोडक्यात ईडी, म्हणजे आपल्याकडची ती ईडी नव्हे, पण सुटका अवघड हे दोन्हीकडे सारखंच. 1 नोव्हेंबरपर्यंत एकाच कॉलेजला ईडीचा अर्ज, त्यावर मुलगी, पालक आणि काउन्सेलर तिघांच्या सह्या, डिसेंबरच्या मध्यात निकाल, घेतलं तर जायचंच आणि बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. मदत खरंच अपुरी पडली तर सोडतात, पण तेव्हा हातात दुसऱ्या कॉलेजचं मदतीचं पत्र नसतं, तुलना कशाशी करणार?

माझ्याकडच्या एका कुटुंबाचं असंच झालेलं (कॉलेजचं नाव नको). इथे अमेरिकेत एक भाड्याने दिलेलं घर होतं त्यांचं, ते कॉलेजच्या साइटवरच्या खर्चाचा अंदाज देणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकायचंच राहिलं, आणि मदतीच्या पत्रात अपेक्षेपेक्षा वर्षाला 14 हजार डॉलर जास्त भरायचे निघाले. ख्रिसमसच्या आठवड्यात आम्ही त्यांच्या डायनिंग टेबलवर रिपेअरची बिलं आणि मॉर्टगेजचे कागद पसरून अपील लिहित बसलो होतो, काकू मधेमधे चहा आणून ठेवायच्या आणि तो तसाच गार व्हायचा. थोडं कमी झालं शेवटी, सगळं नाही.

क्वेस्टब्रिजच्या मॅचमध्ये ही भानगड नाही. चौघांच्या घरात 65 हजारांच्या आत उत्पन्न आणि मालमत्ता फारशी नाही, अशा मुलांसाठीच ते आहे, तुम्ही त्यात बसता. मॅच झाली की चार वर्षांची ट्यूशन, राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास सगळं, पालकांचा वाटा शून्य, कर्ज नाही. 15 पर्यंत कॉलेजं क्रमाने लावता येतात आणि पेन त्यांच्या यादीत आहेच, पहिल्या नंबरवर टाका की. फक्त हेही बाइंडिंग असतं, एमआयटी, येल, स्टॅनफर्डसारखी मोजकी सोडून, म्हणून यादी भरायची म्हणून बाराव्या नंबरला नको असलेलं कॉलेज टाकू नका, नेमकं तेच लागायचं. आणि मॅच सोपी नाही, 2024 ला 25 हजारांवर अर्ज आले, 7 हजारांवर फायनलिस्ट झाले आणि मॅच लागली 2,627 जणांना.

मग अडचण कुठे आहे, तर मॅचमध्ये रँकिंग ठेवलं की त्याच वेळी दुसरीकडे ईडी टाकता येत नाही. मॅच हुकली तर 1 डिसेंबरला कळतं, आणि पेनला दुसरी ईडी फेरी नाहीच, मग रेग्युलरच्या, म्हणजे नेहमीच्या फेरीच्या गर्दीत उभं राहायचं. तुमचे मित्र चान्सबद्दल म्हणतात ते इथे अगदीच चूक नाही.

पण हा निर्णय आज घ्यायचाच नाहीये! क्वेस्टब्रिजचा अर्ज सप्टेंबर अखेरीस जातो, फायनलिस्टची नावं ऑक्टोबरमध्ये येतात, ईडीची तारीख त्यानंतर. फायनलिस्ट झाली नाही तर ईडीचं दार उघडंच आहे. झाली, तर त्या दोनेक आठवड्यांत ठरवा.

आणि तोवर पेनच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर चालवा, सिन्नरच्या हिश्शासकट, 15 मिनिटांचं काम आहे. पेन स्वतःच सांगतं की 75 हजारांच्या आतल्या आणि बेताची मालमत्ता असलेल्या घराला ट्यूशन, फी, राहणं, जेवण मदतीत मिळतं, राहत्या घराची इक्विटीही (किंमत वजा कर्ज) आता धरत नाहीत. म्हणजे तुमच्या बाबतीत तिथली ईडी पैशाने आंधळी उडी नाही. आकडा दोन-तीन हजारांत आला आणि पोरीला खरंच पेनशिवाय काही दिसत नसेल तर टाका ईडी, मी अडवणार नाही. पण तिला यादीतली अजून पाच-सहा कॉलेजं मनापासून चालत असतील तर मी मॅचच ठेवीन, कारण 61 हजारांच्या घरात विमानाचं तिकीट आणि पुस्तकं हाही खर्चच असतो, ईडीचा हिशोब करताना तो बरेचदा धरायचा राहून जातो.

रटगर्सचा, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी युनिव्हर्सिटीचा अर्ज मॅच ठेवा की ईडी टाका, दोन्ही वेळा जाऊ द्या. उत्पन्न 65 हजारांच्या आत असेल तर न्यू जर्सीतल्या मुलांना तिथे ट्यूशन आणि सक्तीची फी पडत नाही, आणि एडिसनहून न्यू ब्रन्सविक म्हणजे डबा घेऊन रोज जाण्यासारखं. मुलगी नाक मुरडेल, मुरडू दे.

401-के ला हात लावू नका. साडेएकोणसाठच्या आत काढलेत तर टॅक्स वेगळा आणि वर सहसा 10 टक्के दंड, शिवाय काढलेली रक्कम त्या वर्षाचं उत्पन्न म्हणून दिसते आणि दोन वर्षांनी मदतच कमी होते. तसाच ठेवलात तर मदतीच्या हिशोबात तो पैसा शक्यतो धरतच नाहीत.

कॅल्क्युलेटरच्या शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि सातबाऱ्याचा फोटो पाठवा, सगळ्या खातेदारांची नावं दिसतील असा. तुमच्या आईंचं नाव अजून त्यावर आहे का तेही सांगा, वाटेकरी चार की पाच हे तिथेच कळेल.