सही कोणाची नाही, ते आधी बघ

प्रिय मुली,

परवा रात्री साडेअकराला तुझा फोन आला. "काका, पूर्व तिमोर वाचलं की वाटतं, मोठ्या शेजाऱ्यानेच पुढाकार घ्यावा. श्रीलंका वाचली की वाटतं, त्याने उंबरासुद्धा ओलांडू नये. मी नक्की काय लिहू?" मी झोपेत काहीतरी पुटपुटलो. दोन दिवस ते मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

शांतिसेनांवरच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. यशस्वी मोहिमा आणि अयशस्वी मोहिमा असे दोन रकाने पाडलेस. मग सैन्य किती, खर्च किती, संयुक्त राष्ट्रांचा ठराव होता का, याची मोजणी. कष्ट दिसतात. पण सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न त्यात कुठेच नाही. ज्याच्या हातात बंदूक आहे, त्याची कागदावर सही आहे का? सही कोणाची नाही, ते आधी बघ. बाकीचं नंतर.

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत भारत-श्रीलंका करार झाला. सह्या दोन, राजीव गांधींची आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांची. लढाई कोणात चालू होती? श्रीलंकेचं सैन्य आणि तमिळ संघटना यांच्यात. त्यांतल्या सर्वांत बलाढ्य संघटनेची, लिट्टेची, त्या कागदावर सही नव्हती. लिट्टेचा प्रमुख प्रभाकरन याला दिल्लीत आणून समजावलं गेलं. ४ ऑगस्टला जाफन्याजवळच्या सुदुमलैच्या सभेत तो म्हणाला की शस्त्रं भारताच्या हवाली करतो, पण या कराराने प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. आपण त्याच्या बोलण्याचा अर्धाच भाग ऐकला. शस्त्रं हा शब्द ऐकला आणि तीच सही धरून चाललो.

दुसरीकडेही तेच. प्रेमदासा तेव्हा श्रीलंकेचे पंतप्रधान होते आणि करार त्यांना मुळातच मान्य नव्हता. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना राजीव गांधींवर एका नौसैनिकाने बंदुकीचा दस्ता उगारला. हा एका माथेफिरूचा प्रकार म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. दक्षिणेतल्या सिंहली समाजात जे खदखदत होतं, ते त्या दस्त्यातून दिसलं होतं. म्हणजे उत्तरेतल्या बंदुकवाल्यांची सही नाही, दक्षिणेतल्या जनतेची नाही, उद्या ज्याच्या हाती सत्ता जाणार त्याचीही नाही. एवढ्या न झालेल्या सह्यांवर आपण शांतिसेना म्हणून हजारो जवान उतरवले.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा कॅप्टन होतो. जाफन्याजवळच्या पलाली विमानतळावर उतरलो तेव्हा लोकांनी गळ्यात हार घातले. आईला साताऱ्याला पत्र लिहिलं की इथली माणसं आपल्याला घरचं समजतात, दिवाळीपर्यंत परत येईन. पहिल्या काही आठवड्यांत शस्त्रं जमा होत होती आणि त्या नोंदणीच्या टेबलावर मी काही दिवस बसलो. वहीत तीन रकाने होते : प्रकार, संख्या, स्थिती. समोर येणाऱ्या बंदुकांत गंजलेल्या, दस्ता फुटलेल्या, कुठल्या काळच्या असाव्यात कळू नये अशा कितीतरी होत्या. एवढ्या वर्षांत श्रीलंकेच्या सैन्याला जेरीस आणणाऱ्यांची ही शस्त्रं नव्हेत, हे मला दिसत होतं. वरिष्ठ म्हणाले, संख्या लिही, वर संख्याच विचारतात. मी संख्या लिहिली. स्थितीचा रकाना मोकळा सोडला.

पुढचं तू वाचलंयस. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने लिट्टेचे १७ जण पकडले, त्यांना कोलंबोला न्यायचा घाट घातला, आणि ५ तारखेला पलालीत त्यांनी सायनाइड चावलं. १२ जण गेले. आठवड्याभरात लिट्टेविरुद्ध आपलं ऑपरेशन पवन सुरू झालं. शांतता राखायला गेलेलं सैन्य जाफन्याच्या गल्ल्यांतून लढत होतं. २१ ऑक्टोबरला, दिवाळीच्या दिवसांत, जाफना रुग्णालयात आपल्या सैनिकांच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मारले गेले. हे प्रबंधात लिही. आडवळणाने लिहू नकोस. आणि हेही लिही की मुंबईत जन्मलेले, ८ महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबरला छातीत गोळी लागली असताना लढले आणि तिथेच गेले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. शत्रूसमोरच्या शौर्यासाठीचं हे पदक. शांतिसेनेत शत्रू कुठून आला, असं तुझ्या परीक्षकांनी विचारलं तर सांग : ज्याची सही घेतली नव्हती, तो शत्रू झाला.

तू विचारशील, एका कॅप्टनने एक रकाना भरला असता तर काय बदललं असतं? मी स्वतःलाच हे शेकडो वेळा विचारलंय. कदाचित काहीच नाही. निर्णय माझ्या कितीतरी वर झाले होते. शिवाय आम्ही नुसतं रक्त सांडून आलो, हेही खरं नाही. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये ईशान्य प्रांताची निवडणूक आमच्या पहाऱ्यात झाली. करारातून आलेली, प्रांतांना अधिकार देणारी तेरावी घटनादुरुस्ती आजही श्रीलंकेच्या राज्यघटनेत आहे. हे सांगितलं की लोक म्हणतात, काका बचाव करताहेत. करतो बचाव. सुमारे १,२०० जवान तिथे राहिले, त्यांच्या वतीने कोणीतरी केलाच पाहिजे. पण त्याने तो रकाना भरत नाही, हे मला कळतं.

आता तिमोर. तू लिहिलंस की तिथे सुरक्षा परिषदेचा ठराव होता म्हणून यश आलं. अगं, नीट वाच! ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के लोकांनी इंडोनेशियापासून स्वातंत्र्य मागितलं, मग इंडोनेशियाधार्जिण्या टोळ्यांनी गावं जाळली. ठराव १२६४ आला १५ सप्टेंबरला. त्याआधी १२ तारखेला, बाहेरचा दबाव असह्य झाल्यावर, इंडोनेशियाचे अध्यक्ष हबीबी यांनी बाहेरचं सैन्य येऊ द्यायला संमती दिली. टोळ्यांची सही नव्हती, पण त्यांना पोसणाऱ्या जकार्ताची झाली. दुसरीकडे तिमोरच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते शनाना गुज्माँव यांनी आपल्या फालिंतिल गनिमांना छावण्यांतच थांबवून धरलं होतं, घरं जळत असतानासुद्धा. ऑस्ट्रेलियाचे मेजर जनरल कॉसग्रोव्ह २० सप्टेंबरला हे सैन्य घेऊन तिमोरची राजधानी दिली इथे उतरले तेव्हा ज्यांच्या हातांत खऱ्या बंदुका होत्या, ते दोघेही बाजूला झाले होते. त्यांचा उपसेनापती थायलंडचा होता. मोठ्या शेजाऱ्याबरोबर इतर शेजाऱ्यांची संमती अशी दिसली पाहिजे, समोरच्याला डोळ्यांनी. फेब्रुवारी २००० मध्ये ताबा संयुक्त राष्ट्रांकडे गेला. तरी २००६ मध्ये तिमोरमध्ये पुन्हा दंगली उसळल्या आणि ऑस्ट्रेलियाला परत जावं लागलं, तेव्हा ‘यशस्वी’ हा शब्द जरा जपून वापर.

लायबेरिया तर तुझ्या आराखड्यात दोन ओळींत उरकलाय! १९९० च्या ऑगस्टमध्ये नायजेरियाच्या बळावर पश्चिम आफ्रिकेतल्या देशांचं शांतिसैन्य, इकोमॉग, राजधानी मन्रोव्हियाच्या बंदरात उतरलं. देशाचा बहुतेक भाग बंडखोर नेता चार्ल्स टेलरच्या हातात होता आणि त्याचा या सैन्याला उघड विरोध होता. उतरतानाच गोळीबार झाला. ९ सप्टेंबरला अध्यक्ष सॅम्युएल डो इकोमॉगच्याच मुख्यालयात आले असताना दुसरा बंडखोर नेता प्रिन्स जॉन्सन याच्या माणसांनी त्यांना पकडून नेलं आणि मारलं. शांतिसेनेच्या अंगणातून राष्ट्राध्यक्ष उचलला जातो! पुढे सात वर्षं ते सैन्य तिथे अडकलं, आणि १९९७ ची निवडणूक जिंकली कोणी? टेलरनेच. ज्याची सही पहिल्या दिवशी हवी होती, त्याला शेवटी खुर्ची द्यावी लागली. एक प्रकरण यालाच दे. तिमोरपेक्षा इथे शिकण्यासारखं जास्त आहे.

"काका, प्रत्येक बंदुकवाल्याची सही मागत बसलो तर माणसं मरतील," असं तू फोनवर म्हणालीस. खरं आहे ते. मला त्याचं सोपं उत्तर सुचत नाही. पण सही नसताना जायचंच असेल, तर आपण लढायला जातोय हे जवानाला आणि देशाला सांगून जावं. आम्हाला शांतता सांगून पाठवलं. नकाशे पुरेसे नव्हते, जाफन्याची भाषा येणारे मोजके होते. १९८९ मध्ये अध्यक्ष झालेल्या प्रेमदासांनी आम्हाला निघून जा म्हटलं, आणि त्यांच्याच सरकारकडून लिट्टेला शस्त्रं मिळाली, आमच्याविरुद्ध वापरायला. २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून शेवटची तुकडी निघाली.

तेव्हा रकाने पुन्हा आख. प्रत्येक देशाखाली सह्या करणाऱ्यांची नावं एका बाजूला आणि न करणाऱ्यांची दुसऱ्या बाजूला. मार्गदर्शकांना आवडलं नाही तर माझ्याकडे पाठव त्यांना.

शनिवारी जेवायलाच ये. ती वही माळ्यावरून काढून ठेवली आहे. कागद पिवळे पडलेत, पण अक्षर वाचता येतं. ऑगस्टची पानं बघ आणि तिसऱ्या रकान्याचा फोटो काढून घे.

तुझा,
काका