वायूच्या नियमातलं ‘व्यस्त’

‘ठरावीक वस्तुमानाच्या वायूचे आकारमान स्थिर तापमानाला दाबाच्या व्यस्त प्रमाणात असते.’ बॉइलच्या या नियमात ‘व्यस्त’ कशाला? व्यस्त म्हणजे तर कामात गुंतलेला. सरळ ‘विरुद्ध प्रमाण’ म्हटलं तर काय बिघडलं, असा प्रश्न आहे.

बरंच बिघडतं. ‘मी व्यस्त आहे’ हा वापर हिंदीच्या वळणाचा. त्या जागी मराठीत ‘व्यग्र’ आहेच. संस्कृतात व्यस्त म्हणजे विस्कटलेला, तसाच उलटा केलेला. पहिला अर्थ आपल्या ‘अस्ताव्यस्त’मध्ये टिकलाय, दुसरा गणितात. तिथला वापर फार जुना. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) ‘व्यस्त त्रैराशिक’ आहे, आणि त्यातलं धान्याचं गणित मला फार आवडतं. सात आढकांच्या (आढक हे धान्य मोजायचं जुनं एकक) मापाने रास मोजली तर १०० मापं भरली; पाच आढकांच्या मापाने किती भरतील? १४०. माप लहान झालं, संख्या वाढली. पण ७ × १०० काय नि ५ × १४० काय, दोन्ही ७००च. रास तीच ना!

बॉइलने १६६२ मध्ये हवेबद्दल दाखवलं ते हेच नातं. एका टोकाला बंद असलेल्या वाकड्या काचनळीत सुमारे १२ इंच हवा कोंडून तो पारा ओतत गेला. दोन्ही बाजूंच्या पाऱ्यात सुमारे २९ इंचांचा फरक पडला, म्हणजे वातावरणाइतकाच आणखी दाब चढला, तेव्हा हवा ६ इंचांवर आली.

आता ‘विरुद्ध’. शाळेत ५ ची विरुद्ध संख्या −५ शिकवतात आणि ५ चा गुणाकार व्यस्त १/५. वायू वागतो तो या दुसऱ्याप्रमाणे. एक वातावरण, म्हणजे भोवतालच्या हवेच्या नेहमीच्या दाबाइतक्या, दाबाची ६० मिलिलिटर हवा दोन वातावरणांना ३०, तीनला २०, चारला १५ होते. घट आधी ३०, मग १०, मग ५. ‘विरुद्ध’ किंवा ‘उलट’ म्हटल्यावर एक वाढलं की दुसरं घटतं एवढंच कळतं. जळणारी मेणबत्तीही वेळ जाईल तशी घटतेच, पण तासाला सारखीच; ते व्यस्त प्रमाण नव्हे.

‘स्थिर तापमानाला’ हे शब्दही गाळू नयेत. सायकलच्या पंपाने भराभर हवा भरली की पंप तापतो, आणि मग दाब आणि आकारमान यांचा गुणाकार कायम राहत नाही. लहान मुलांना ‘व्यस्त’ जड जात असेल, तर ‘तापमान तेच ठेवून दाब दुप्पट केला की आकारमान निम्मं होतं’ असं खुशाल सांगावं.