वाचकांचे प्रश्न: ‘दार लावू का?’ हे आफ्रिकान्समध्ये कसं विचारायचं

प्रश्न: आम्ही स्टेलेनबॉशला राहायला आलोय. शेजारचे आजी-आजोबा घरात आफ्रिकान्स बोलतात, त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलावंसं वाटतं. साधी वाक्यं जमतात, पण ‘करू का’, ‘करायला हवं का’, ‘येईल का’ असं विचारायचं म्हटलं की गाडी अडते. इंग्रजीतल्या ‘डू’सारखं काही लावायचं असतं का? आणि आपल्या ‘का’ला तिकडे काय म्हणतात?
- एक वाचक, दक्षिण आफ्रिका

उत्तर: ‘डू’ नाही आणि ‘का’ पण नाही, काहीच शोधू नका. ‘येइ कान कॉम’ म्हणजे तू येऊ शकतोस, आणि ‘कान येइ कॉम?’ म्हणजे येऊ शकतोस का, बस एवढंच, कान उचलून पुढे आणायचं. कान (शकणं), माख (परवानगी), मुट (पाहिजेच), वल (इच्छा), साल (भविष्य) ही पाचही अशीच चालतात, आणि मी-तू-ते बदलले तरी रूप तेच राहतं, आपल्यासारखं शकतो-शकते-शकतात नाही. मुख्य क्रियापद मात्र शेवटी जातं, ते आपल्याला जड जायचं कारण नाही. ‘कान एक मॉरे डी बुक क्रेइ?’ म्हणजे उद्या मला ते पुस्तक मिळू शकेल का, यात ‘एक’ म्हणजे मी, आणि ‘क्रेइ’ म्हणजे मिळणं, ते शेवटी. कुठे-कधी विचारायचं असेल तर तो शब्द सगळ्यात आधी, ‘वार कान एक पार्किअर?’, गाडी कुठे लावू.

आता मराठी माणूस खरा अडतो तो ‘करू का’वर. ‘दार लावू का?’ हे आपण मदत म्हणूनही विचारतो आणि परवानगी म्हणूनही, तिकडे दोन वेगळी वाक्यं होतात. आजी थंडीने कुडकुडतायत आणि तुम्ही उठून विचारताय तर ‘साल एक डी डिअर टूमाक?’, आणि तुम्हालाच वारा लागतोय, त्यांची हरकत नाही ना एवढं बघायचंय, तर ‘माख एक डी डिअर टूमाक?’. ‘लावायला हवं का’ असेल तर मुट. हे तीन तोंडात बसले की निम्मं काम झालं असं मला अगदी मनापासून वाटतं.

वल दिसायला इंग्रजी ‘विल’सारखं आहे पण अर्थ इच्छेचा, म्हणून ‘वल येइ कॉफी हॅ?’, तुला कॉफी हवीय का, आणि शेवटचं ‘हॅ’ गाळू नका, लोक समजून घेतील पण वाक्य लंगडं राहतं.

मुटच्या उत्तराकडेही लक्ष द्या. ‘मुट एक वाख?’ म्हणजे मी थांबायला हवं का. ‘निअ, येइ हुफ नी टे वाख नी’ म्हणजे थांबायची गरज नाही, आणि ‘मुनी वाख नी’ म्हणजे थांबूच नकोस, दोन्हीत नकार आहे पण पहिल्यात तुमची मर्जी राहते, दुसऱ्यात नाही. तो दुसरा ‘नी’ चूक नाहीये, नकार आफ्रिकान्समध्ये बहुतेक वेळा दोनदा येतो. प्रश्नातही येतो, ‘कान येइ नी कॉम नी?’, येऊ शकत नाहीस का.

भूतकाळात कानचं कॉन, मुटचं मुस, वलचं वोउ, सालचं सोउ. जागा तीच, ‘वोउ येइ इट्स सॅ?’, तुला काही म्हणायचं होतं का.

आणि शेजारच्या आजी-आजोबांना ‘येइ’ म्हणू नका हं, ते आपल्या ‘तू’सारखं लागतं. ‘यू’ हा आदराचा शब्द आहे पण शेजाऱ्यांशी तो फार औपचारिक वाटतो, तिथली माणसं मोठ्यांना सर्वनामाच्या जागीच उअम (काका) किंवा टानी (काकू) म्हणतात, ‘वल टानी कॉफी हॅ?’, आपण नाही का थेट त्यांनाच ‘काकू चहा घेणार का’ म्हणत, तसंच. आडून विचारायचं असेल तर माख मागे सरकतं: ‘विअट उअम ऑफ एक हीर माख पार्किअर?’, इथे गाडी लावली तर चालते का, माहितीय का काका.