अकरा माणसं आणि नऊ प्रिंटर

प्रश्न: नमस्कार, आमचं इचलकरंजीत टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस आहे, दोन मजले, अकरा माणसं आणि प्रिंटर नऊ. स्टाफ वाढत गेला तसा प्रत्येकाच्या टेबलावर एकेक येत गेला, काही एचपी १०२०, काही कॅनन २९०० असे छोटे लेझर, दोन स्वस्तातले इंकजेट आणि एक टँकवाला (बाटलीने शाई भरायचा) कलर. कधी रिफिल, कधी काट्रीज, कधी मेकॅनिकची व्हिजिट, दर महिन्याला काहीतरी चालूच असतं. पार्टनर म्हणतात सगळे काढा आणि एकच मोठं झेरॉक्सवालं मशीन आणा, स्टाफ म्हणतो टेबलावरचा प्रिंटर गेला तर काम अडेल. काय करावं?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: नऊ नकोत हे नक्की, पण एकच मोठं मशीनसुद्धा आणू नका. का ते सांगतो, पण त्याआधी एक काम करा, ते म्हणजे पानं मोजा. बहुतेक ऑफिसात मशीनची किंमत सगळ्यांना तोंडपाठ असते आणि महिन्याला पानं किती निघतात ते कुणालाच माहीत नसतं, आणि खर्च तर सगळा पानांवर होतो.

मोजायची सोपी पद्धत म्हणजे रिम. एका रिममध्ये ५०० कागद, महिन्यात किती रिम फुटल्या ते लिहून ठेवा, झालं. कोण किती काढतो हे बघायचं असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रिंटसर्व्हिसचा ऑपरेशनल लॉग असतो, तो मुळात बंद असतो, प्रत्येक कॉम्प्युटरवर चालू करून घ्या, मग प्रत्येक प्रिंटची ३०७ नंबरची नोंद पडत जाते, युजर कोण, प्रिंटर कुठला, पानं किती. फक्त एका महिन्यावर जाऊ नका. तुमच्या धंद्यात ३१ जुलैचे रिटर्न आणि ३० सप्टेंबरचं टॅक्स ऑडिट या काळात आणि जानेवारीत जमीन-अस्मानाचा फरक असणार, त्यामुळे सीझनचा एक महिना आणि मोकळा एक महिना असे दोन्ही आकडे हवेत.

आता पानाचा हिशोब. समजा स्वस्त इंकजेटचं काळं काट्रीज ४८० पानांचं आहे आणि तुम्हाला ९०० रुपयांना पडतं, म्हणजे एका पानाला जवळपास १ रुपया ९० पैसे, तेही फक्त शाईचे. एचपी १०२० चं १२ए काट्रीज २००० पानांचं, ते समजा ३०० रुपयात रिफिल करून घेता, म्हणजे १५ पैसे. टँकवाल्याची काळ्या शाईची बाटली साधारण ४५०० पानं देते, ४०० रुपये धरा, ९ पैसे. भाव तुमच्या बिलातले टाका, फरक किती पटींचा आहे ते लगेच दिसेल. काट्रीजवर छापलेली पानं ही पानाचा साधारण ५ टक्के भागच काळा होतो असं धरून काढलेली असतात, बॅलन्सशीटची रेघा मारलेली गच्च पानं असतील तर त्याहून कमी निघतात. म्हणजे ते दोन इंकजेट आज बंद केले तरी चालतील, त्यांच्यात तर काम नसलं तरी हेड साफ करण्यात शाई जाते.

मग सगळं टँकवरच का नको? कारण तुमचे कागद वर्षानुवर्षं फाइलमध्ये राहतात, सह्या-शिक्के होतात, आणि बऱ्याच टँक प्रिंटरची शाई पाणी लागलं की पसरते. लेझरचा टोनर, म्हणजे शाईची कोरडी पूड, पसरत नाही, आठ दिवस मशीन बंद राहिलं तरी वाळत नाही. टेक्स्टच्या कामाला लेझरच घ्या, टँक कलरसाठी ठेवा.

माझ्या मते तुम्हाला लागतं ते एवढंच: नेटवर्कवर चालणारे, दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारे दोन ब्लॅक अँड व्हाइट लेझर, प्रत्येक मजल्यावर एक, आणि दोन्ही एकाच मॉडेलचे. शिवाय आहे तो कलर टँक. दोघांपैकी एकाला वरून कागद ओढून घेणारा स्कॅनर असला तर उत्तम, पण त्या प्रकारातसुद्धा टोनर दुसऱ्या मशीनचाच चालेल असं बघा. एकच मॉडेल यासाठी की टोनर एकाच प्रकारचा, कपाटात एक स्पेअर ठेवला की दोघांना चालतो, आज तुमच्याकडे चार प्रकारचा माल पडून असेल आणि जो हवा तोच नसेल. आणि दोन यासाठी की २९ सप्टेंबरला एक मशीन बसलं तर दुसरं चालू राहील. पार्टनरनी सुचवलेल्या एकाच मोठ्या मशीनचा खरा धोका हाच आहे.

घेताना ब्रोशरवरचा ड्यूटी सायकलचा मोठा आकडा बघून भुलू नका, ती मशीनची महिन्याची कमाल मर्यादा असते, रोजच्या वापराची नाही. तिथेच रेकमेंडेड मंथली व्हॉल्यूम म्हणून बराच लहान आकडा असतो तो बघा. मोकळ्या महिन्यात ४००० आणि सीझनला ८००० पानं निघत असतील तर एकेकाला २००० ते ४००० येतात, त्यात बसणारं मॉडेल पुरे, त्याहून मोठं घेतलं तर नुसते पैसे अडकतात. आणखी एक, नवीन मशीनबरोबर जो टोनर येतो तो बहुतेक वेळा स्टार्टर असतो, पूर्ण भरलेला नसतो, त्यावरून खर्च ठरवू नका.

दोन्ही बाजूंनी छापण्यावर मी एवढा जोर का देतोय ते बघा. रिम ३०० रुपयाला धरली तर कागद ६० पैशाला पडतो, आणि रिफिलचा टोनर १५ पैशाला. म्हणजे तुम्ही ज्या टोनरवर घासाघीस करता त्याच्या चौपट पैसे कागदात जातायत! तुमच्या १०२० आणि २९०० मध्ये ना नेटवर्क आहे ना आपोआप मागची बाजू छापायची सोय, म्हणून ती चांगली टिकाऊ मशीन असूनही आता तुमच्या कामाला अपुरी आहेत. दोन्हीपैकी एक चालू स्थितीतलं अडीअडचणीला ठेवा. रिफिल करा, जरूर करा, पण १२ए काट्रीजमध्ये ड्रम (टोनर कागदावर उमटवणारा रूळ) आतच असतो, परत परत भरून तो झिजतो आणि पानावर करडी झाक यायला लागते, तेव्हा काट्रीज बदला, तसंच रेटू नका, टोनर गळून मशीन खराब होतं.

टेबलावरचा प्रिंटर गेला की स्टाफची आणखी एक अडचण होते आणि ती खरी आहे, क्लायंटचा पगाराचा कागद सगळ्यांसमोर ट्रेमध्ये पडून राहणं बरोबर नाही. पिन टाकल्यावरच प्रिंट बाहेर येईल अशी सोय असलेलं मॉडेल घ्या. माणूस मशीनपाशी जाऊन पिन टाकतो तेव्हाच कागद निघतो, त्यामुळे प्रिंट देऊन विसरलेली पानंही वाचतात.

आणि एक्सेल! एक कॉलम जरा बाहेर गेला की तीस पानांच्या शीटची साठ पानं होतात आणि अर्ध्या पानांवर फक्त एकच कॉलम येतो. पेज सेटअपमध्ये रुंदीला एक पान ठेवा, प्रिंट प्रिव्ह्यू बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही असा ऑफिसचा नियमच करा. २६एएस, एआयएस (इन्कम टॅक्सची स्टेटमेंट), जीएसटीआर-२बी (जीएसटीचं स्टेटमेंट) यांची पीडीएफ पूर्ण छापायची गरज किती वेळा असते हे पण एकदा सगळ्यांनी बसून ठरवा.

दोन बारीक गोष्टी: लेझर छोट्या यूपीएसवर लावू नका, आतला फ्यूझर (टोनर कागदावर पक्का करणारा गरम भाग) तापताना एकदम लोड घेतो आणि यूपीएस बसतो. आणि पावसाळ्यात रिम उघडी टाकू नका, कागद दमट होऊन वळतो, अडकतो, आणि मग मेकॅनिकला बोलावलं जातं, मशीनचा काहीच दोष नसतो.

प्रश्न: आमचं कळंबोलीला ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. बिल्टीसाठी (माल पाठवल्याच्या पावतीसाठी) जुना डॉट मॅट्रिक्स आहे, आवाज फार करतो. मुलगा म्हणतो लेझर घेऊ, खर्च वाचेल. बरोबर आहे का?
– एक वाचक, कळंबोली

उत्तर: बिल्टीसाठी तरी नाही. डॉट मॅट्रिक्सची पिन कागदावर ठोकते म्हणून खालच्या कार्बन कॉपी एका फटक्यात निघतात, लेझर ठोकत नाही, त्यामुळे तीन प्रती तीनदा छापाव्या लागतील आणि तुमची छापलेली सलग स्टेशनरी त्यात चालणारच नाही. रिबन स्वस्त, मशीन दणकट, धुळीत चालतं. ते राहू द्या. ई-वे बिल आणि बाकीच्या कागदांना एक छोटा लेझर घ्या, मुलाचं तेवढं म्हणणं योग्य आहे.

प्रश्न: परभणीत आमचे क्लासेस आहेत, नोट्स आणि टेस्ट पेपर खूप निघतात. एक डीलर पर-कॉपी रेटवर भाड्याने मशीन देतो म्हणतोय. घ्यावं का?
– एक वाचक, परभणी

उत्तर: पानं भरपूर असतील तर घ्या, पण सही करण्याआधी मिनिमम कॉपीचा आकडा महिन्याचा आहे की वर्षाचा ते विचारा. क्लासला एप्रिल-मेमध्ये पानं कमी निघतात, महिन्याचा मिनिमम असेल तर न काढलेल्या प्रतींचे पैसे भराल, वर्षाचा करून घ्या. दोन्ही बाजू छापल्या तर बहुतेक ठिकाणी दोन कॉपी धरतात, ए३ ला किती धरतात, स्कॅनचे पैसे लागतात का, ड्रम आणि फ्यूझर रेटमध्ये आहेत का, बंद पडलं तर किती तासात माणूस येणार आणि तोवर दुसरं मशीन देणार का, हे सगळं कागदावर घ्या, तोंडी नको. मशीन आणताना आणि प्रत्येक बिलाच्या वेळी मीटरचा फोटो काढून ठेवा. जुनं मशीन आणि रिकामी काट्रीज भंगारवाल्याला देऊ नका, २०२२ च्या ई-कचरा नियमांत प्रिंटर काट्रीजसकट येतात, अधिकृत रिसायकलरकडे द्या आणि पावती घ्या.